रेल्वे आणि बसचे निर्णय राजकारणाबाहेर काढता येतील का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: रेल्वे, मेट्रो, बस यांचे निर्णय पुढारी मतांवर डोळा ठेवून घेतात आणि त्यात पैसा वाया जातो, मग हे खातंच राजकारणाबाहेर काढून तज्ज्ञांच्या हवाली का करू नये? शेवटी एक पुरवणीही आहे: प्रवास मोफत केला तर लोक कार घरी ठेवतील का?

मी बसमार्ग आणि वेळापत्रकं आखण्याच्या कामात आयुष्य काढलेला माणूस आहे. तज्ज्ञांच्या हवाली करा म्हटल्यावर खरं तर मला आनंद व्हायला हवा. पण माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते विनयापोटी दिलेलं नाही. मला रस्ता दिला, गाड्या दिल्या आणि काय साधायचं ते सांगितलं, तर मी चोख वेळापत्रक करून देईन. काय साधायचं हे मात्र माझ्या गणितात कुठेच सापडत नाही. ते आधी कोणीतरी ठरवलेलं असतं. ते सभागृहात उघडपणे ठरलं तर निदान भांडता येतं. तज्ज्ञाच्या अहवालात दडलं तर भांडायला समोर कोणी उरत नाही.

ब्रिटनने हा प्रयोग करून पाहिला आहे. तिथली रेल्वे तोट्यात चालली होती, म्हणून सरकारने आयसीआय या रसायन कंपनीतून डॉ. रिचर्ड बीचिंग यांना आणून रेल्वेच्या प्रमुखपदी बसवलं. पुढारी नव्हे, रेल्वेवाला नव्हे, आकड्यांचा पक्का माणूस. त्यांच्यापुढचा प्रश्न होता: कोणते मार्ग आपला खर्च भागवत नाहीत? १९६३ साली उत्तर आलं. २,३६३ स्थानकं आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करा. विचारलं त्याचं उत्तर बरोबर होतं. पण प्रवाशांची मोजणी एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याची होती. समुद्रकाठच्या गावांना भर उन्हाळ्यात होणारी गर्दी त्यात आलीच नाही. शाखामार्गावरच्या छोट्या गाडीतून उतरून मुख्य मार्गाची गाडी धरणारा प्रवासी, शाखा बंद झाल्यावर मुख्य मार्गावरही दिसणार नाही, हेही हिशेबात नीट धरलं गेलं नाही. आणि मुख्य म्हणजे अमुक रस्ता आपला खर्च भागवतो का, हे कोणी विचारलंच नाही. तेव्हाचे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे रस्ते-पूल बांधणाऱ्या एका कंपनीच्या संस्थापकांपैकी होते. त्याची चर्चा तेव्हाही झाली आणि अजूनही होते.

पुढची गंमत अशी की, १९६४च्या निवडणुकीत मजूर पक्षाने मार्ग बंद करणं थांबवण्याचं आश्वासन दिलं, सत्ता मिळवली आणि मार्ग बंद होतच राहिले. एडिंबराहून दक्षिणेला जाणारा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद पडला. त्याचाच सुमारे ३० मैलांचा तुकडा, ट्वीडबँकपर्यंत, सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू करावा लागला. मधल्या काळात रूळ उखडले गेले होते, जमीन हातची गेली होती, तेव्हा ‘सुरू’ म्हणजे जवळजवळ नव्याने बांधणंच होतं. वेल्समधला एक लांबलचक ग्रामीण मार्ग मात्र वाचला, आणि तो अटीतटीच्या मतदारसंघांतून जातो म्हणून वाचला असं आजही सांगतात. हे ऐकून नाक मुरडायचं असेल तर जरूर मुरडा. पण बार्बरा कॅसल यांनी वाहतूकमंत्री असताना आखलेला १९६८चा कायदा झाला, आणि मार्ग तोट्यातला असला तरी समाजाला हवा असेल तर सरकारने त्याचे पैसे मोजावेत, हे तत्त्व प्रथमच रीतसर मान्य झालं. तेही राजकारणच होतं. बीचिंग यांच्या आकडेमोडीत ‘समाजाला हवा’ असा रकानाच नव्हता.

राजकारणातून बाहेर काढण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे बाजारावर सोडणं. तीही ब्रिटनमध्येच होऊन गेली. १९८५च्या कायद्याने लंडनबाहेरची बससेवा ऑक्टोबर १९८६ पासून मोकळी झाली. ज्याला जो मार्ग परवडेल त्याने तो चालवावा. लंडनमध्ये मात्र मार्ग, भाडं आणि वेळापत्रक सार्वजनिक संस्थेच्या हाती ठेवून फक्त चालवण्याचं काम निविदा काढून कंपन्यांना दिलं. एकच देश, एकच सरकार, दोन पद्धती. पुढच्या काळात लंडनमध्ये बसप्रवासी वाढले आणि इतर मोठ्या शहरांत घटत गेले. लंडनला पैसाही जास्त मिळाला हे खरं, पण तेवढ्याने सगळा फरक समजत नाही. ग्रेटर मँचेस्टरने अखेर सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली घेतल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरं केलं. मार्गावर बस नसेल तर कोणाला जाब विचारायचा, हे तिथल्या मतदाराला आता ठाऊक आहे.

आता आमच्या, म्हणजे तज्ज्ञांच्या जमातीबद्दल. बेंट फ्लीव्हबर्ग हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली जगभरातले २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दर दहांपैकी नऊ प्रकल्पांचा खर्च आधी कमी दाखवलेला होता. रेल्वेच्या प्रकल्पांत प्रत्यक्ष खर्च सरासरी सुमारे ४५ टक्के जास्त निघाला. अंदाज प्रामाणिकपणे चुकत असते तर ते दोन्ही बाजूंना चुकले असते. एकाच बाजूला चुकतात याचा अर्थ कोणीतरी आकडा हवा तसा बसवून देत होतं, आणि आकडे बसवून देण्याचं काम मंत्री स्वतः करत नाहीत. ते आम्ही करतो. प्रकल्प मंजूर व्हावा अशी ज्याची इच्छा, त्याच्याकडूनच सल्लागाराची फी यायची असेल, तर प्रवासीसंख्येचा अंदाज कुठे झुकेल हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही.

पुढाऱ्यांवरचा आरोपही जरा तपासून घ्यावा. जपानमध्ये टोकियो आणि ओसाकाला जोडणारी शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे १९६४ मध्ये सुरू झाली, तेव्हा गिफु-हाशिमा नावाचं स्थानक जवळपास शेतातच उभं होतं. बानबोकु ओनो या बड्या नेत्याने आपल्या भागात गाडी थांबवून घेतली असं म्हटलं जातं. स्थानकासमोर त्यांचा सपत्नीक पुतळा आहे. पण नागोयाच्या पुढे तो टापू बर्फाचा, आणि गाड्या थोपवून धरायला तिथे एखादं स्थानक रेल्वेलाही हवंच होतं. नेत्याला पुतळा मिळाला, अभियंत्यांना फलाट मिळाले. अशा जागा प्रत्येक जाळ्यात असतात. त्यांच्यावर हसण्यात आपण जेवढा वेळ घालवतो तेवढं नुकसान त्यांनी केलेलं नसतं.

खरं नुकसान कुठे होतं? माझ्या मते चालवण्याच्या पैशात. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. बोगद्याची कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. दर २० मिनिटांनी येणारी बस दर १० मिनिटांनी येऊ लागली, याचं उद्घाटन कसं करणार? आणि ती पुन्हा २० मिनिटांवर गेली तरी बातमी होत नाही. अमेरिकेत हे कायद्यातच बसलेलं आहे. १९५६च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. शहरी वाहतुकीला बांधकामासाठी केंद्राची मदत मिळते, पण दोन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरी भागांना रोजच्या चालवण्यासाठी मिळणारी मदत १९९८ मध्ये जवळपास बंद झाली. मग शहराने काय करावं? नवा मार्ग बांधावा, कारण त्याचे पैसे वरून येतात, आणि जुन्या बसच्या फेऱ्या कमी कराव्यात, कारण ते पैसे घरचे आहेत. बाहेरून बघणाऱ्याला हा मूर्खपणा वाटतो. आत बसलेल्या माणसाला दुसरा पर्याय दिसत नाही.

फेऱ्यांचं गणित एकदा जवळून बघा, कारण सगळं राजकारण त्याच्या आत आहे. समजा एका मार्गावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला ५० मिनिटं लागतात आणि दोन्ही टोकांना १०-१० मिनिटांची विश्रांती आहे. जाऊन-येऊन १२० मिनिटं झाली. दर १० मिनिटांनी बस हवी तर १२ बस लागतील. पुढे रस्त्यावर कार वाढल्या आणि ५० मिनिटांच्या जागी ६० लागू लागली. जाऊन-येऊन १४० मिनिटं. त्याच १२ बस आता पावणेबारा मिनिटांच्या आसपास येऊ लागतील. दहा मिनिटांचा शब्द पाळायचा तर १४ बस हव्यात. दोन जादा बस, त्यांचे चालक, त्यांचं इंधन, त्यांची देखभाल, एवढं सगळं ओतून प्रवाशाच्या पदरात एक मिनिटही पडत नाही, उलट त्याचा प्रवास दहा मिनिटांनी लांबलेलाच राहतो. आता उलट करू. रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आखली, सिग्नलला बसला आधी सोडलं आणि एका बाजूचा वेळ ४० मिनिटांवर आणला. जाऊन-येऊन १०० मिनिटं, १० बस पुरतात. गर्दीतल्या १४ आणि मार्गिकेतल्या १०, या चार बसचा फरक रस्त्यावरच्या रंगाच्या पट्ट्याने पडतो. म्हणून बससेवा सुधारायची आहे असं सांगत कोणी माझ्याकडे आला की मी आधी विचारतो, रस्त्याची एक मार्गिका द्याल का? बहुतेक वेळा विषय तिथेच बदलतो.

कारण रस्त्याची जागा मागणं हे बोगद्याला पैसे मागण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. जमिनीखालून नेलेल्या गाडीचा वरच्या कोणालाच त्रास नाही, हेच तिचं सगळ्यात मोठं राजकीय आकर्षण. झुरिकमध्ये १९६२ साली ट्राम जमिनीखाली घालण्याचा आराखडा मतदारांपुढे आला. त्यांनी तो फेटाळला. १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा मोठा आराखडा आला, तोही फेटाळला. मग १९७७ मध्ये २० कोटी फ्रँक वरच्याच ट्राम आणि बसचा वेग वाढवण्यावर खर्च करण्याचा प्रस्ताव आला आणि तो मंजूर झाला. ट्रामच्या वाटेतून गाड्या हटवल्या, सिग्नल ट्राम येताच हिरवे होऊ लागले. आज लोक झुरिकची वाहतूक बघायला जातात ती या मतदानाची फळं आहेत. तज्ज्ञांचा पहिला आराखडा भुयाराचा होता, हे मी मुद्दाम सांगतो.

दिल्लीत उलट झालं. आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा, बससाठी राखलेल्या मार्गिकांचा बसमार्ग २००८ मध्ये सुरू झाला. कारवाल्यांनी पहिल्या दिवसापासून आरडाओरडा केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे २०१२ मध्ये बसमार्ग टिकला, आणि तरीही २०१६ मध्ये तो उखडायला सुरुवात झाली. त्याच्या रचनेत दोष होते. रस्त्याच्या मधोमध थांबे, चौकात लांबलचक सिग्नल, आणि मार्ग इतका आखूड की फायदा जाणवायच्या आत संपायचा. पण दोष दुरुस्त होतात. बसमधले प्रवासी संख्येने जास्त होते, तरी त्यांच्या बाजूने बोलायला संघटित असं कोणी उभं नव्हतं. जनसुनावणीला कोण येतं ते बघितलं की हे कळतं. दुकानदार येतात, रस्त्यालगतचे रहिवासी येतात, आणि दुपारच्या त्या वेळी बसने कामावर गेलेली माणसं येत नाहीत. दुकानदाराला तर गिऱ्हाईक कारनेच येतं असं मनापासून वाटत असतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये विचारणा केली तेव्हा कारने येणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला.

स्टॉकहोमने यातून एक वाट काढली. शहरात येणाऱ्या कारवर शुल्क लावायला बहुसंख्यांचा विरोध होता. मग जानेवारी ते जुलै २००६ असं शुल्क नुसतं करून पाहिलं, आणि सार्वमत त्यानंतर सप्टेंबरमध्ये घेतलं. वाहनं सुमारे एकपंचमांशाने घटली होती, रस्ते मोकळे झालेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. शहराने ‘हो’ म्हटलं आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. लंडनमध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी १७ फेब्रुवारी २००३ रोजी असंच शुल्क सुरू केलं, पण त्याआधी बस वाढवून ठेवल्या होत्या. हा क्रम महत्त्वाचा. कारवाल्याला आधी पर्याय हवा, मग शुल्क.

जमिनीच्या राजकारणाबद्दल लोक कमी बोलतात, पण पैसा तिथेच सगळ्यात जास्त आहे. रेल्वे आली की स्थानकाभोवतीच्या जमिनीची किंमत वाढते. ती वाढ लोकांच्या पैशाने झालेली असते. ती कोणाच्या खिशात जाते? ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी यांनी १९१० मध्ये रेल्वे सुरू केली तेव्हा रुळांभोवतीची जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तिथे घरं बांधून हप्त्यांनी विकली, एका टोकाला करमणूक उभी केली, आणि १९२९ मध्ये दुसऱ्या टोकाला, उमेदा स्थानकात, मोठं दुकान उघडलं. सकाळी लोक शहराकडे जायचे, सुट्टीत उलट्या दिशेने. गाडी दोन्हीकडे भरलेली. हाँगकाँगची मेट्रो कंपनी एमटीआर हेच सरकारी छत्राखाली करते: स्थानकावरच्या आणि भोवतालच्या जमिनीचे हक्क रेल्वे येण्याआधीच्या भावाने तिला मिळतात, रेल्वे आल्यावर वाढलेल्या भावातला हिस्सा विकासकांकडून ती घेते, आणि त्यातून मार्ग बांधले जातात. सरकारने जमिनीबाबत मौन पाळलं, तर हीच वाढ आराखडा आधी कळलेल्या चार जणांना मिळते, आणि भाड्याने राहणाऱ्यांना त्याच स्थानकापासून दूर जावं लागतं. मार्ग अचानक वाकडा का गेला हे समजत नसेल तर नकाशापेक्षा सातबारा बघावा.

नगररचनेची बाजूही इथेच येते. कोपनहेगनने १९४७ च्या आराखड्यात शहराला पाच बोटांसारखं वाढवायचं ठरवलं: प्रत्येक बोटातून उपनगरी रेल्वे, बोटांच्या मध्ये मोकळी जमीन. पुढे मोठी कार्यालयं स्थानकापासून ६०० मीटरच्या आत असावीत असा नियम आला. हे बांधायला कोणतंही कंत्राट लागत नाही, लागतो तो ‘नाही’ म्हणण्याचा निर्धार. महामार्गाच्या काठी स्वस्त जमिनीवर कार्यालयांचा ढीग उभा राहू द्यायचा आणि नंतर तिथे बस रिकामी का जाते म्हणून आम्हाला विचारायचं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

मग तज्ज्ञाचं काम काय? ह्यूस्टनचं उदाहरण मला आवडतं. तिथे बसचं सगळं जाळं नव्याने आखायचं होतं. सल्लागार जॅरेट वॉकर यांनी नकाशा काढण्याआधी संचालक मंडळाला विचारलं: पैशातला किती हिस्सा जास्तीत जास्त प्रवासी मिळवण्यावर लावायचा आणि किती हिस्सा विरळ वस्तीतही बस पोचावी यावर? एकाच पैशात दोन्ही पूर्ण होत नाही. मंडळाने ८०-२० असं ठरवलं, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये एका रात्रीत नवं जाळं लागू झालं. कोणाच्या दारातली बस जाणार हे त्या ८०-२० मध्येच ठरलं होतं, आणि ते निर्णयाची जबाबदारी असलेल्या लोकांनी उघडपणे ठरवलं होतं.

स्वित्झर्लंडने आणखी पुढे जाऊन क्रमच उलटा केला. आधी वेळापत्रक, मग बांधकाम. मोठ्या स्थानकांवर सगळ्या दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या किंवा अर्ध्या तासाच्या आसपास एकत्र यायच्या, प्रवाशांनी गाडी बदलायची आणि सगळ्या पुन्हा निघायच्या. हे जमायचं तर दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासापेक्षा थोडा कमी हवा. झुरिक-बर्न अंतराला त्याहून जास्त वेळ लागत होता, म्हणून तेवढ्यापुरता नवा मार्ग बांधला. डिसेंबर २००४ पासून ते अंतर ५६ मिनिटांत कापलं जाऊ लागलं. आणखी वेगाचा सोस धरला नाही, कारण ४० मिनिटांत पोचून फलाटावर २० मिनिटं उभं राहण्यात काय मिळणार? हा सगळा कार्यक्रम १९८७ मध्ये सार्वमताने मंजूर झालेला होता. तुमच्या शहरात नवा मार्ग जाहीर झाला तर पुढाऱ्याला आणि त्याच्या तज्ज्ञाला हेच विचारा: शेवटची गाडी किती वाजता, दुपारी किती मिनिटांनी, आणि दहाव्या वर्षी चालवण्याचे पैसे कुठून?

आता पुरवणी. एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ पासून रहिवाशांना आणि लक्झेंबर्गने २०२० पासून सगळ्यांना प्रवास मोफत केला. टॅलिनमध्ये वाढलेले प्रवासी बरेचसे आधी पायी जाणारे होते. कार सोडून आलेले फार थोडे. लक्झेंबर्गमध्ये तिकिटातून खर्चाचा अगदी लहान हिस्साच भरून यायचा, म्हणून तिथे ते सोपं गेलं. मोठ्या शहरात तिकिटाचं उत्पन्न मोठं असतं आणि ती जागा दरवर्षी दुसऱ्या पैशाने भरावी लागते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं भाडं १९०४ ते १९४८ पाच सेंटवरच थांबलं होतं, कारण ते वाढवण्याचं धाडस कोणी करेना. पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली तशी चालवणाऱ्या कंपन्यांची हालत खराब झाली आणि १९४० मध्ये त्या शहराला विकत घ्याव्या लागल्या. व्हिएन्नाने २०१२ मध्ये वर्षाचा पास ३६५ युरोंवर आणला त्याच वर्षी पार्किंगचं शुल्क जास्त भागांत लावलं, आणि कामगारांमागे मालकांकडून घेतला जाणारा भुयारी रेल्वेचा कर तिथे १९७० पासूनच होता. स्वस्त तिकिटाला माझा विरोध नाही; ज्याला महिन्याचा पास परवडत नाही त्याला सवलत मिळायलाच हवी. पण तेवढेच पैसे माझ्या हाती दिले तर मी आधी रात्री नऊनंतरच्या आणि रविवारच्या फेऱ्या वाढवीन, मग मार्गिकांचं बघीन, आणि तिकिटाला त्यानंतर हात लावीन.